माळढोकाचा माळ

सोलापुराहून बार्शीकडे जाणाऱ्या सडकेने सुमारे वीस किलोमीटर गेले, की नान्नज नावाचे गाव लागते. या गावाची ख्याती दोन गोष्टींमुळे झाली आहे. एक द्राक्षे आणि दुसरा माळढोक पक्षी. येथील नानासाहेब काळे या शेतकऱ्याने आपल्या मळ्यात निवडून वाढविलेले ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे द्राक्षांचे वाण महाराष्ट्रभर पसरले. माळढोकाचे मात्र उलट झाले. एके काळी तो येथल्या माळावर कोणासही सहज दिसत असे. आज एखादा-दुसरा पक्षी दृष्टीस पडला, तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. एकाच शिवारात द्राक्षाचा वेल चढला आणि पाखरू ओसरले, हा निव्वळ योगायोग नव्हे. परंतु शेतकऱ्याने पाखराचा घात केला, एवढे म्हणून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. जे घडले, ते याहून पुष्कळ गुंतागुंतीचे आहे.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांपैकी अत्यंत वजनदार असा पक्षी होय. नर सुमारे एक मीटर उंच असतो आणि त्याचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. पाठ तपकिरी, मान लांब व पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी, आणि नराच्या छातीवर काळा पट्टा. चाल एखाद्या वयोवृद्ध गृहस्थासारखी संथ व डौलदार. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून पायांपर्यंत लोंबती सोडतो आणि असा घुमतो, की तो खोल आवाज दूरवर ऐकू जावा. मादी घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर, थोड्याशा खोलगट जागी, ती वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते. झाड नाही, झुडूप नाही, ढोली नाही. कोल्हा, कुत्रा, कावळा किंवा चुकून पडलेला माणसाचा पाय, यांपैकी कशानेही त्या वर्षाची सारी आशा संपते. अशा पक्ष्याचा वंश वाढावयास मोकळी व निवांत जागा लागते आणि माणसाचे थोडे औदार्यही लागते.

ही जागा त्याला दख्खनच्या माळाने दिली. हा मुलूख अवर्षणाचा. जमीन बरीचशी उथळ, मुरमाड. सखल भागात मात्र काळी व ओल धरणारी. माळावर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते उगवत. त्यांवर काळविटांचे कळप चरत. लांडगा, कोल्हा आणि खोकड ही जनावरेही तेथेच राहत. परंतु हा माळ निर्मनुष्य होता, अशी कोणी कल्पना करू नये. धनगरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या याच गवतावर पोसली गेली आणि त्यांच्याच लोकरीची घोंगडी उभ्या महाराष्ट्राने पांघरली. माळाच्या कडेने शेतकरी हुलगा, मटकी, करडई पिकवी. काळ्या रानात ज्वारी होई, तीही रब्बीची. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा रब्बी ज्वारीचा प्रसिद्ध वाण याच भागातला.

या रब्बीच्या शेतीत एक विशेष असे. जून ते सप्टेंबर हे पावसाचे महिने शेत मोकळे ठेवावयाचे, त्यात पाणी मुरू द्यावयाचे, आणि पाऊस सरता सरता पेरणी करावयाची. म्हणजे ज्या महिन्यांत माळढोक अंडे घालतो, नेमक्या त्याच महिन्यांत कित्येक शेतांत औताची फारशी वर्दळ नसे. पेरणीची वेळ येईपर्यंत पिल्लू आईच्या मागे चालू लागलेले असे. पुढे उभ्या पिकात त्यालाही आडोसा मिळे. पक्षी टोळ, नाकतोडे, भुंगे वेचून खाई, त्याबरोबर थोडे धान्य आणि शेंगाही खाई. शेतकरी त्याकडे कानाडोळा करी. हा काही करार नव्हता. कोणी तो लिहिला नाही व त्यावर कोणाची सही नाही. शेतकऱ्याचे वेळापत्रक आणि पाखराचे वेळापत्रक जुळून आले होते, इतकेच. तथापि अनेक कायद्यांनी जे साधले नाही, ते या जुळणीने दीर्घकाळ साधले होते.

मग ही जुळणी मोडली कशी? प्रथम बंदुकीने. पूर्वी संस्थानिक आणि साहेबलोक यांची शिकार मर्यादित असे. मोटारी व जीपगाड्या आल्यावर माळावर शिकार करणे फारच सोपे झाले. हा पक्षी मोकळ्या जागी राहणारा, त्याला लपावयास आडोसाही नाही. भावनगरचे पक्षितज्ज्ञ धर्मकुमारसिंहजी यांनी १९७० च्या सुमारास भारतभरातील माळढोकांची संख्या सुमारे १,२६० असावी, असा अंदाज केला होता. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि माळढोकाची शिकार हा गंभीर गुन्हा ठरला. हे अत्यावश्यकच होते. त्या कायद्यावाचून हा पक्षी आज बहुधा पुस्तकातच उरला असता.

पुढचे पाऊल १९७९ साली पडले. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांत मिळून माळढोक पक्षी अभयारण्य घोषित करण्यात आले. त्याचे क्षेत्र होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. या आकड्याचा अर्थ ध्यानात यावा, म्हणून एवढेच सांगितले पाहिजे, की संपूर्ण गोवा राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,७०० चौरस किलोमीटर आहे. दोन गोवे पोटात घेऊन वर जागा उरावी, असे हे अभयारण्य होते. मोहोळ, माढा, करमाळा, उत्तर सोलापूर, कर्जत, श्रीगोंदे, नेवासे या तालुक्यांतील मुलूख त्यात आला. जेथे जंगलाचे नाव नाही, अशी शेते, गावे, बाजारपेठा, विहिरी, सडका, देवळे, शाळा या साऱ्यांवरून नकाशावरील रेघ फिरली. वनखात्याच्या ताब्यातील खरीखुरी जमीन या विस्तारात अगदी थोडी होती. बाकी बहुतेक सारी लोकांच्या मालकीची.

सरकारचा हेतू चांगला होता. पक्षी दूरवर फिरतो, म्हणून क्षेत्रही मोठे असावे, हा विचार शास्त्राला धरूनच होता. परंतु कायदा घनदाट अरण्य डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता, आणि तो लागू झाला नांगरटीच्या रानाला. अभयारण्याची घोषणा झाली, की त्या हद्दीतील जमिनीवर वारसाहक्क किंवा मृत्युपत्र यांखेरीज कोणास नवा हक्क मिळविता येत नाही, असे त्या कायद्याचे एक कलम आहे. अरण्यात या कलमाचे प्रयोजन स्पष्ट आहे. परंतु मोहोळच्या किंवा माढ्याच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ निराळा लागला. मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी एकरभर रान विकावयाचे, तर व्यवहार अडून बसावा. एखादा कारखाना काढावयाचा, रस्ता रुंद करावयाचा, विजेची तार न्यावयाची, तर परवानगीसाठी खेटे घालावे लागावेत. ज्याच्या पाच-पंचवीस पिढ्यांनी माळढोक पाहिला आणि त्याला कधी खडाही मारला नाही, त्याला एकाएकी कळले, की आपल्या जमिनीचा सौदा त्या पाखराने अडविला आहे. पाखराने काहीच केले नव्हते. पण नाव त्याचे होते.

गंमत अशी, की याच सुमारास त्याच मुलखाविषयी शासनाने आणखी एक निर्णय अमलात आणला होता. भीमा नदीवर, माढा तालुक्यात, उजनीचे धरण बांधले जात होते. ते १९८० साली पुरे झाले. एका कागदाने माळ जसाच्या तसा राखावयाचा ठरविला आणि दुसऱ्या कागदाने त्याच मुलखात कालवे नेले. पाणी आल्यावर शेतकरी रब्बीची ज्वारी किती दिवस धरून बसणार? पोटाला पुरेसे न देणारे एक पीक सोडून त्याने ऊस लावला. जेथे कालवा पोहोचला नाही, तेथे विहीर खोदून द्राक्ष व डाळिंब लावले. दुष्काळात खडी फोडावयास गेलेल्या माणसाच्या मुलाने बागाईत केली, यासाठी त्याला कोण दोष देईल? १९७२ च्या दुष्काळाची आठवण त्या पिढीच्या मनात ताजी होती. पण ऊस बारा महिने उभा असतो, द्राक्षाला तारांचे मांडव लागतात, आणि दोहोंवरही औषधांची फवारणी होते. पावसाळ्यात मोकळे राहणारे रान नाहीसे झाले आणि कीटकही घटले. पाखराला अंडे घालावयास जागा उरली ती कुंपण घातलेल्या गवताच्या तुकड्यांत.

त्या तुकड्यांचीही कथा साधी नाही. गवताळ माळाला सरकारदप्तरी फार दिवस ‘पडीक’ म्हणण्याची रीत होती. पडीक म्हणजे निरुपयोगी, आणि निरुपयोगी जमिनीचा उद्धार म्हणजे झाडे लावणे, अशी समजूत. त्यामुळे ज्या माळावर माळढोकाला चहूकडे नजर पोहोचेल अशी मोकळीक हवी, त्याच माळावर कित्येक ठिकाणी गिरिपुष्प आणि इतर झाडे लावण्यात आली. झाड लावणे हे नेहमीच पुण्यकर्म असते असे मानणाऱ्यांना हे ऐकून चमत्कारिक वाटेल. परंतु माळावर झाड लावणे हे तळ्यात माती टाकण्यासारखे आहे. धनगराला हे कोणी विचारले असते, तर त्याने एका वाक्यात सांगितले असते. त्याला विचारले नाही. उलट, कुंपणामुळे त्याची चराई मात्र कमी झाली. जो माळ उरला, त्यावर अधिक मेंढरे गोळा झाली आणि तेथले गवत मुळापर्यंत खाल्ले गेले. राखलेला माळ एकीकडे उंच गवताने भरला, तर न राखलेला माळ उघडाबोडका पडला; माळढोकाला यांपैकी एकही स्थिती फारशी मानवत नाही. हलकी चराई झालेला, मध्यम उंचीच्या गवताचा माळ त्याला आवडतो, आणि तसा माळ मेंढपाळच घडवीत असे.

काळविटांना मात्र या संरक्षणाचा चांगला लाभ झाला. त्यांची संख्या वाढली. सूर्य मावळला, की कळपच्या कळप पिकात उतरावेत आणि कोवळी ज्वारी खाऊन पहाटे निघून जावेत. पिकाच्या नुकसानीबद्दल शासन भरपाई देते हे खरे. परंतु त्यासाठी अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा या तीन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि हाती येणारी रक्कम रात्रीच्या राखणीचे मोल भरून काढील असे नाही. थंडीच्या दिवसांत माचाणावर बसून डबा वाजवीत जागणारे शेतकरी-कुटुंब हा वन्यजीव-संरक्षणाचा न मोजलेला खर्च होय. माळढोक, काळवीट, लांडगा यांच्या रक्षणाचे श्रेय साऱ्या देशाला मिळते. झोप मात्र काही थोड्या गावांची मोडते.

लोकांच्या तक्रारी, समित्यांचे अहवाल आणि न्यायालयाची वाट, असे करीत करीत तीस वर्षे उलटून गेल्यावर अभयारण्याची हद्द कमी करण्यात आली. आता ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांचे आहे. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तोपर्यंत माळढोक जवळजवळ गेला होता. अभयारण्य मोठे असताना माणूस दुखावला आणि पक्षीही वाचला नाही, असे दुहेरी नुकसान या तीस वर्षांत झाले.

असे केवळ सोलापुरातच झाले असते, तर स्थानिक दैव म्हणून ते सोडून देता आले असते. परंतु मध्यप्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथेही हेच घडले. तेथे १९८१ साली माळढोकासाठी सुमारे २०२ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले. आरंभी गावकऱ्यांना या पक्ष्याचे कौतुक होते. पुढे जमिनीच्या खरेदीविक्रीवर निर्बंध आल्याचे ध्यानात आल्यावर कौतुकाची जागा रागाने घेतली. पाखरू आपल्या रानात उतरले, तर रान हातचे जाईल, ही भीती एकदा मनात बसली, की त्या पाखराचे रक्षण कोण करणार? पंधरा वर्षांच्या आत करेऱ्याहून माळढोक नाहीसा झाला. आणि ज्या अभयारण्यात तो पक्षीच नाही, त्याचा दर्जाही अलीकडे काढून घेण्यात आला.

आज माळढोकाचा मुख्य आसरा राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटी माळावर आहे. तिकडे त्याला ‘गोडावण’ म्हणतात, आणि तो त्या राज्याचा मानाचा पक्षी आहे. साऱ्या देशात रानात राहणारे माळढोक दीडशेच्या आतबाहेरच असतील, व त्यांतील बहुतेक तेथे आहेत. तेथील राष्ट्रीय मरु उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरांचे असून त्याच्या हद्दीत अनेक गावे व ढाण्या आहेत. हद्दीबाहेरच्या गावांना मिळालेल्या सडका आणि वीज आपल्याला मिळाल्या नाहीत, ही तेथील लोकांची तक्रार जुनी आहे. याच प्रदेशात ‘ओरण’ नावाची राखीव राने आहेत. ती सरकारने नव्हे, तर लोकांनी देवाच्या नावाने राखली आहेत. ओरणात झाड तोडावयाचे नाही, नांगर घालावयाचा नाही. उंट, गाई, मेंढ्या मात्र चरावयाच्या. शतकानुशतके या रिवाजाने गवत राहिले, गुरे राहिली आणि गोडावणही राहिला. दप्तरात मात्र यांतील पुष्कळ जमीन ‘पडीक’ म्हणूनच नोंदलेली आहे. त्यामुळे सूर्य आणि वारा यांपासून वीज निर्माण करणारे मोठे प्रकल्प तिकडे आले, तेव्हा ओरणांवरही त्यांची दृष्टी गेली.

या प्रकल्पांबरोबर उंच तारांचे जाळे आले. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी एवढे जड शरीर झटकन वळविता येत नाही. तारांवर आदळून पक्षी मरू लागले. १९७२ चा कायदा तयार करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या एम. के. रणजितसिंह यांनी इतरांसह सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने पक्ष्याच्या प्रदेशातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली. कोळशाचा धूर टाळावयाचा तर सूर्याची वीज हवी, हेही तितकेच खरे. या वादात सरकार, कंपन्या आणि पक्षितज्ज्ञ यांची बाजू मांडावयास वकील होते. ओरणात उंट चारणाऱ्या राईक्याचा आवाज त्या मानाने क्षीण; म्हणून जैसलमेरचे पशुपालक ओरण वाचविण्यासाठी पायी यात्रा काढतात, निवेदने देतात. माळढोकाचा आणि त्यांचा प्रश्न येथे एकच झाला आहे. गवत राहिले तर दोघेही राहतील.

माळढोकाचा एक लहान भाऊबंद महाराष्ट्रात आहे. त्याचे नाव तणमोर. विदर्भात अकोला आणि वाशीम या जिल्ह्यांच्या गवताळ भागात तो पावसाळ्यात येतो. नर गवतातून वारंवार उंच उडी घेऊन मादीचे लक्ष वेधून घेतो. त्या भागात फासेपारधी लोकांची वस्ती आहे. पाखरांना फास लावून धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी राज्यात १८७१ च्या कायद्याने अशा कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी केली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कलंक कागदावरून पुसला गेला, आणि वीस वर्षांनी वन्यजीव कायद्याने त्यांची उपजीविकाच गुन्हा ठरली. दुसरा धंदा मात्र कोणी दिला नाही. अकोला जिल्ह्यातील वडाळा येथे हे लोक आता तणमोराचे राखणदार झाले आहेत. पक्ष्याचा आवाज, त्याची बसावयाची जागा, त्याची वेळ यांचे जे ज्ञान पूर्वी फासासाठी उपयोगी पडे, तेच आता त्याचा शोध घेण्यास व नोंद ठेवण्यास उपयोगी पडते. गावाभोवतालचे गवत त्यांनी स्वतः नियम करून राखले. गवत वाढल्याने गुराढोरांना चारा मिळाला, म्हणून तो नियम त्यांना जाचत नाही. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांनी साहाय्य केले. परंतु नियम कोणता असावा, हे वस्तीने बसून ठरविले. सोलापुरात १९७९ साली असे कोणी बसले नव्हते.

जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा येथे माळढोकांची पैदास करणारी केंद्रे आहेत. २०१९ पासून माळावरील अंडी काळजीपूर्वक उचलून तेथे उबविली जातात. २०२४ साली कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लूही जन्मास आले. पिंजऱ्यात वाढणाऱ्या या पक्ष्यांची पिढी पुढे मोकळ्या माळावर सोडावयाची आहे. तो माळ राजस्थानातला असेल किंवा कदाचित कधी काळी दख्खनचाही असेल. पण माळढोक कुंपणात राहणारा पक्षी नव्हे. सोडल्यावर तो उडेल आणि कोणाच्या तरी शेतात उतरेल. त्या शेताच्या सातबाऱ्यावर एखाद्या शेतकऱ्याचे नाव असेल. आणि पावसाळ्याचे तीन महिने ते रान मोकळे ठेवणे त्याला परवडते की नाही, हे प्रथम त्यालाच विचारावे लागेल.